चिंचेखालचे राघू

सत्तावन्न सालच्या फाल्गुनात नळदुर्गजवळच्या एका खेड्यात सांजच्याला गारपीट झाली. सकाळी उत्तरेश्वर आपल्या विहिरीवर गेला आणि जागीच थांबला. काठावरच्या चिंचेवर रोज राघूंचा थवा उतरायचा. तो सगळा खाली पडला होता. माना कलंडलेल्या, पंख भिजून अंगाला चिकटलेले. दोन कुत्री एकेक राघू तोंडात धरून बांधाकडं चालली होती.

"पाणी नासंल," तो बायकोला म्हणाला. "पुरून टाकू."

त्यानं गुडघाभर खड्डा खणला. शिवकांतानं टोपल्या भरभरून आणल्या. खड्डा भरल्यावर त्यानं माती ओढली, पायानं दाबून बसवली आणि दुसरा खणायला घेतला. एव्हाना ऊन चांगलं वर आलं होतं.

शिवकांता उन्हात ठेवलेल्या टोपलीतून एक राघू उचलायला गेली आणि तिथंच थबकली.

"आवं, ह्यानं माजं बोट धरलंय."

"मेल्यावर नखं आवळत्यात."

"डोळा उघडला त्यानं."

उत्तरेश्वर जवळ आला. टोपलीत आणखी एक पंख हलला. मग तिसरा. एक राघू धडपडत टोपलीच्या काठावर चढला आणि मान झाडून उभा राहिला.

शिवकांताला हसू आलं. पण नवऱ्याकडं बघताच ते मावळलं. तो पहिल्या खड्ड्याकडं बघत होता. मातीवर त्याच्याच पावलांचे ठसे होते.

त्यानं कुदळ टाकली आणि हातांनीच माती उकरायला लागला. वरचे मेलेले होते. त्यांच्या खालचेही. एकाची चोच उघडी होती, आत ओली माती.

"ह्यो जिता व्हता," तो म्हणाला.

"तुमाला कसं कळणार? मलाबी मेल्यागतच दिसलं."

"हात लावून बघायचं व्हतं म्या."

खड्ड्यातून एकही जिता निघाला नाही. टोपलीतले अकरा दुपारपर्यंत उडून चिंचेवर बसले. उत्तरेश्वर तसाच मातीच्या हातांनी काठावर बसून राहिला. शिवकांतानं भाकरी आणली, पण त्यानं तिला हात लावला नाही.

शेवटी शिवकांता खड्ड्यापाशी गेली. एकेक राघू तळहातावर घ्यायची, छातीवर बोट टेकून थोडा वेळ थांबायची आणि मग मातीत ठेवायची. दिवस कलला तेव्हा तोही उठून तिच्या शेजारी येऊन बसला, आणि त्यानंही एक उचलला.