पाळीवरची माती

नागभीडजवळच्या एका गावात १९५६ साली तळ्याची पाळ, म्हणजे मातीचा बांध, खचली. चावडीवर सगळे जमले.

नानाजी पाटील हळहळले, "गोंडराजाच्या राज्यात सोन्याचे दिवस होते. तवाच असं तळं झालं."

मिशनच्या दवाखान्यातले पाद्रीबाबा म्हणाले, "सोन्याचे दिवस पुढे आहेत, प्रभूच्या राज्यात."

तळ्यात मासे धरणारी गिरजा उठली. "नानाजीभाऊ, राजाच्या वेळी पाळीवर माती कोनं टाकली? आपल्याच आज्या-पणज्यानं ना? मंग आपून काऊन बसून राह्यलो?"

तिनं सरळ टोपलं उचललं. पाद्रीबाबांनी झगा खोचून फावडं घेतलं. पाटलांनी बैलगाडी जुंपली.

वीस दिवसांत पाळ उभी राहिली. तिच्यावरून चालताना गिरजेला वाटलं, नातवंडं आपल्याच दिवसांना सोन्याचे म्हणतील, आणि ते खरंच असेल.