संत्र्याच्या सालीचा पांढरा पदर

सुज्ञ वाचकहो, हिरव्या बाटलीतील एका ख्यातनाम जिनची चव कोणाच्या हातून जन्मास आली, आणि त्या हातांशी पुढे कसे वर्तन झाले, ती हकिकत येथे यथामती सादर करीत आहे.

व्यवस्थापकांनी परात उचलली आणि साली सोलणाऱ्या मावशींच्या पुढ्यातील टेबलावर पालथी केली. संत्र्याच्या साली लाकडावर पसरल्या. त्यांतील एक चिमटीत धरून त्यांनी मावशींच्या डोळ्यांसमोर नाचवली.

"हे पांढरं काय आहे?"

"साल आहे, साहेब." मावशींनी हातातील सुरी खाली ठेवली नाही.

"ते मला दिसतंय. साल पातळ काढावी, पांढरा भाग मुळीच राहू नये, असं काचेत मढवून टांगलंय बाहेर. वाचता येतं ना?"

"येतं की. माझ्या जन्माआधीपासून टांगलंय ते."

काचेतील कागद मूळ मालकांच्या हस्ताक्षरातील होता. ते औषधांचे दुकानदार. पोटदुखीच्या काढ्याकरिता आणलेल्या लहानशा तांब्याच्या भट्टीत त्यांनी ज्युनिपर या झुडपाची सुगंधी फळे, धणे आणि संत्र्याची साल घालून पहिली जिन गाळली, त्यास आता नव्वद वर्षे होत होती. चाहते म्हणत, इतर जिन गोड बोलून निघून जातात. ही मात्र घोट उतरल्यावर जिभेच्या मुळाशी किंचित कडू होऊन बसून राहते. त्या कडवटपणापायीच लोक दुसऱ्या घोटाकडे वळत. या नव्वद वर्षांचा ग्रंथ छापला जाणार होता. त्याचे कर्ते स्वतः व्यवस्थापक, म्हणजे मूळ मालकांचे नातजावई.

"माझ्या आईबद्दल एक ओळ घाला म्हटलं होतं मी," मावशी म्हणाल्या. "एका वर्षी संत्री फारच गोड आली. तेव्हा तिनं पांढरं ठेवायला सुरुवात केली. थोरल्या मालकांनी चव घेतली, मान डोलावली. कागद तेवढा बदलला नाही."

"म्हणजे आमच्या आजेसासऱ्यांची जिन साल सोलणारीनं केली, असं छापू? लोक तोंडात मारतील माझ्या. त्यापेक्षा सरळ सांगा ना, हात थरथरतो आता."

"हात थरथरतो?"

"मग नजर गेली असेल. सोमवारी साल काढायचं मशीन येतंय. तुम्ही बाटल्या धुवायला जा."

दारात उभे असलेले भट्टीकार खाकरले.

"साहेब, वाफेला कुठली साल लागते ते एकदा मला तरी..."

"तुम्ही जाळ बघा."

मशीन आले. त्याच्या साली कागदासारख्या पातळ, एकसारख्या निघत. व्यवस्थापकांनी ग्रंथासाठी त्यांचे छायाचित्रही घेतले. मावशी गुडघ्यापर्यंत रबरी बूट चढवून बाटल्या धुऊ लागल्या. कोणी विचारपूस केली, तर त्या म्हणत, "बरं आहे बाई, बाटलीला मत नसतं."

महिन्याभरात पेट्या परत येऊ लागल्या. एका जुन्या दुकानदाराने सोबत चिठ्ठी पाठवली होती : 'ही धाकटी बहीण दिसते. दिसायला गोड आहे, पण आम्हांस थोरलीच पाठवावी.' व्यवस्थापकांनी ती भट्टीकारांपुढे आपटली.

"काय केलंत तुम्ही?"

"जाळ बघत होतो," भट्टीकार म्हणाले.

मशीनचे पाते खाली घेऊन पाहिले, तर सालीबरोबर गरही खरवडून येऊ लागला आणि त्या गाळपाला करपट, उग्र वास आला. तेव्हा एके दुपारी व्यवस्थापक स्वतः धुलाईच्या खोलीत उतरले. जमीन ओली असल्यामुळे ते चवड्यांवर चालत होते.

"चला मावशी, झालं गेलं विसरा. परवाच्या गाळपाला तुमच्या साली हव्यात. होत्या तशाच."

"आणि ती ओळ?"

"अहो, ग्रंथ छापून आला. आता काय पानं फाडू? कामावर परत घेतोय, ते काय कमी झालं?"

मावशींनी हात पुसले. त्या वर सालींच्या टेबलाशी आल्या, सुरी घेतली आणि एक संत्रे उचलले. देठापासून सुरू झालेली साल कोठेही न तुटता वळत वळत खाली उतरली. ती इतकी पातळ होती, की टेबलाच्या लाकडाच्या रेषा तिच्यातून दिसत होत्या. पांढऱ्याचा लवलेश नव्हता. मग दुसरे संत्रे. मग तिसरे. व्यवस्थापक सालींकडे पाहत नव्हते. ते मावशींच्या हाताकडे पाहत होते. हात दगडासारखा स्थिर होता. हसू लपवायला दारातल्या भट्टीकारांनी तोंड फिरवले.

"मावशी," व्यवस्थापकांचा आवाज खाली आला, "पांढरं किती जाड ठेवायचं असतं, तेवढं तरी सांगा."

"ते आईनं ठरवलं होतं," मावशी म्हणाल्या. "आणि ती तर तुमच्या ग्रंथात नाही."

त्यांनी सुरी धुऊन जागेवर ठेवली, रबरी बुटांत पाय नीट सरकवले आणि त्या बाटल्यांकडे परत गेल्या.

येथवर सोबत केल्याबद्दल वाचकांचा मनःपूर्वक ऋणी आहे.
आपला नम्र,
'लेबलवाला' (त्याच कारखान्यातील)