गुरुवारच्या बाजाराची पाटी

मित्रांनो, माझ्यावर फार काही लिहिलेले नाही. ‘बाजार भरला आहे, पुढच्या वळणाने जा’ एवढे सहा शब्द आणि त्यांच्याखाली हातभर लांबीचा एक बाण. एवढ्या भांडवलावर मी सत्तावीस वर्षे चाकरी केली आणि एकदा न्यायालयात साक्षही दिली. चिलीतल्या सान्तियागो शहरात साक्ष दिलेली दुसरी पाटी असेल असे मला वाटत नाही.

मी सफरचंदांच्या एका मोडक्या पेटाऱ्यातून जन्मले. भोपळे विकणारे एलाद्यो, ज्यांना सगळे मानाने ‘डोन’ म्हणत, तेव्हा तिशीत होते आणि बाजार संघटनेचे प्रमुख म्हणून नुकतेच निवडून आले होते. त्यांनी चार फळ्या जोडल्या, मागून दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या आणि मला दोन पाय दिले. मासेवाल्याच्या हातगाडीचा निळा रंग उरला होता, तो माझ्या अंगावर बसला. अक्षरे काढली निबाल्दो नावाच्या रंगाऱ्याने. बसच्या काचेत ठेवायच्या पाट्या रंगवण्यात त्याची हयात गेली होती. तो डोन एलाद्योंना म्हणाला, “धावत्या गाडीतून वाचता आलं पाहिजे. नाहीतर ती पाटी कसली, पत्र झालं!” मजुरी म्हणून त्याने दोन भोपळे नेले.

दर रविवारी पहाटे साडेपाच वाजता मला लोस मेम्ब्रियोस गल्लीच्या तोंडाशी उभे करत, जिथे ती मोठ्या रस्त्याला मिळते. गल्लीत बाजार भरे. गाड्या मला वाचत आणि पुढच्या वळणाने जात. एकदा एका अंत्ययात्रेच्या बारा गाड्या माझ्या शब्दावर रांगेने पुढे गेल्या. एकाही चालकाने काच खाली करून रस्ता विचारला नाही. तो दिवस मी अजून विसरलेले नाही.

सगळे दिवस असे नव्हते. बाजार उठला की मला आडवे करून माझ्यावर भोपळे रचत. कांदेवाल्या यास्नाने एकदा चहाची तापलेली किटली माझ्यावर टेकवली. माझ्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर वाटीएवढा काळा गोल उमटला, तो कायमचा.

आठ वर्षांपूर्वी गुरुवारीही बाजार भरू लागला. पालिकेच्या एका साहेबांनी “भरवा, भरवा” असे तोंडी सांगितले आणि पुढे ते निवृत्त झाले. कागदावर बाजार फक्त रविवारचाच राहिला. कोणी विचारले नाही, म्हणून कोणी सांगितले नाही.

मग तीन वर्षांपूर्वी रस्ता बदलला. मोठ्या रस्त्याची उजवी, पदपथालगतची लेन लाल रंगाने रंगवली आणि तिच्यावर ‘फक्त बस’ असे लिहिले. नियम सोपा होता. बसच्या लेनमध्ये इतर गाड्यांना मनाई. फक्त पुढच्या चौकात उजवीकडे वळायचे असेल, तर त्या चौकापुरती मुभा. चौक ओलांडून गाडी तशीच पुढे गेली, की खांबावरचा कॅमेरा फोटो काढणार. हा खांब मात्र याच वर्षी माझ्यापासून तीस पावलांवर रोवला.

आता ओरिएता मावशींची गोष्ट सांगते. मावशी शाळेची पिवळी व्हॅन चालवतात. चौदा मुले आणि अकरा वर्षांची सेवा. मुले त्यांना मावशी म्हणतात, म्हणून सगळा बाजारही मावशीच म्हणतो. एरवी त्या लोस मेम्ब्रियोसमध्ये उजवीकडे वळत आणि शाळेच्या फाटकाशी पोहोचत. गुरुवारी गल्ली बंद, म्हणून माझा बाण पाहून त्याच लेनने पुढच्या चौकापर्यंत जात. त्यांच्या समजुतीप्रमाणे पुढचा चौक म्हणजे पुढचा उघडा चौक. कॅमेऱ्याच्या हिशेबात बंद चौकसुद्धा चौकच होता.

नोटीस घरी यायला तीन आठवडे लागले. ती आली तेव्हा एकटी आली नाही. तीन गुरुवार, तीन फोटो, तीन नोटिसा. दंड भरून सुटका झाली असती तर मावशींनी भरलाही असता. पण एका वर्षात तीन वेळा गंभीर नियमभंग म्हणजे लायसन्स निलंबित, आणि निलंबित लायसन्सवाल्या बाईच्या व्हॅनमध्ये शाळा मुले बसवत नाही.

पुढच्या रविवारी बाजार उठत असताना मावशी फोटो घेऊन आल्या.

“डोन एलाद्यो, हे बघा. माझ्या व्हॅनच्या मागे निळं काय दिसतंय?”

मीही पाहिले. माझ्या उभ्या आयुष्यात माझा कोणी फोटो काढला नव्हता. जो निघाला त्यात माझा फक्त उजवा खालचा कोपरा आला होता.

डोन एलाद्योंनी चष्मा लावला, काढला. “काही कळत नाही बुवा.”

“तुमची पाटी आहे ती. परवा न्यायालयात चला. गल्ली बंद होती एवढंच सांगा. पालिकेच्या नकाशात गुरुवारी तो चौक उघडा आहे. माझ्या एकटीच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार?”

“अहो मावशी, गुरुवारचा बाजार कागदावर नाहीच. मी तिथे तोंड उघडलं की माझ्या साठ माणसांचा गुरुवार गेला. आणि निळ्या पाट्या काय, शहरात शंभर असतील.”

मित्रांनो, सत्तावीस वर्षांत मला ऊन-पावसाने जे केले नाही, ते या वाक्याने केले. त्यांनी मला उचलून ताडपत्रीखाली सरकवलेही.

पण शेजारी यास्ना बसली होती. गुरुवारच्या कमाईवर तिचे घर चाले, हे सगळ्यांना ठाऊक होते. तिने फोटो ओढून घेतला.

“शंभर? शंभर पाट्यांवर माझ्या किटलीचा डाग आहे होय? हा बघा, गोल! स्वतःची पाटी ओळखत नाही म्हणता? उद्या भोपळ्यालाही म्हणाल, कोण रे तू!”

“यास्ना, तुझाही गुरुवार जाईल.”

“जाऊ दे की. माझा धाकटा त्याच व्हॅनमधून जातो. गुरुवारी कांदे विकून त्याला शाळेत काय पाठीवर नेऊ? आणि मावशींनी काय चोरी केली का? आपण पुढे जा म्हटलं, त्या पुढे गेल्या.”

संध्याकाळी डोन एलाद्योंनी ताडपत्री काढली आणि ओल्या फडक्याने मला पुसले. अक्षरांच्या कडासुद्धा पुसल्या.

मंगळवारी आम्ही बसने निघालो. मी दारातून आडवी शिरेना, उभी मावेना. चालक ओरडला, “ओ डोन, हे काय, घर हलवताय का?” मागच्या सीटवरून एक आजीबाई म्हणाल्या, “तिचं तिकीट काढलंत का? सीट तर तिनेच अडवली आहे.” डोन एलाद्योंनी मला पोटाशी धरले आणि बस लाल लेनमधून निघाली. माझ्यासमोरून वर्षानुवर्षे ती लेन गेली, तिच्यातून प्रवास मात्र मी प्रथमच करत होते. तोही पूर्ण कायदेशीर.

आमच्याकडे अशा दंडांचा निवाडा मोहल्ल्याच्या छोट्या न्यायालयात होतो. वकील लागत नाही. आपले म्हणणे आपणच उभे राहून मांडायचे. न्यायाधीश बाई चष्म्यावरून बघत होत्या. मावशींनी तिन्ही फोटो पुढे ठेवले, तरी बाईंनी मान हलवली.

“नकाशाप्रमाणे गुरुवारी हा चौक खुला आहे, बाई. तुम्ही तो ओलांडून पुढे गेलात. फोटोतल्या एका निळ्या ठिपक्यावरून मी काय ठरवू?”

तेव्हा डोन एलाद्योंनी मला टेबलाशी उभे केले. खोलीत वीसेक माणसे आपल्या पाळीची वाट पाहत होती. सगळ्यांनी मला मोठ्याने वाचले, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत. निबाल्दो असता तर छाती फुगवून बसला असता.

बाई खुर्चीतून उठल्या. त्यांनी फोटो माझ्या कोपऱ्याशी धरला. किटलीचा डाग तिन्ही फोटोंत होता, आणि माझ्या अंगावरही होता.

“ही पाटी गुरुवारी तिथे कोण ठेवतं?”

डोन एलाद्योंच्या हातातली टोपी दोनदा फिरली. “मी. रविवारी सत्तावीस वर्षं, गुरुवारी आठ.”

“गुरुवारची परवानगी?”

“तोंडी होती. ज्यांनी दिली ते निवृत्त झाले, बाईसाहेब. परवानगी पण त्यांच्याबरोबरच गेली असावी.”

खोलीत हशा झाला. बाई हसल्या नाहीत.

“मग पाटीने या बाईंना चुकीचं सांगितलं का?”

“नाही. तिने तेच सांगितलं जे मी तिच्यावर लिहून घेतलं होतं. रस्ता बदलला, लेन रंगवली, कॅमेरा लावला. मी तिला जुन्याच जागी उभी करत राहिलो. चूक असेल तर ती माझी आहे. तिची नाही आणि मावशींची तर मुळीच नाही.”

बाईंनी निकाल तिथेच लिहिला. तिन्ही दंड रद्द. मावशी नियम मोडायला निघाल्या नव्हत्या, चौक बंद होता, आणि हे चालकाला लेनमध्ये शिरल्यावरच कळत होते. पाटीचा मजकूर बरोबर, जागा चुकीची. मग त्या डोन एलाद्योंकडे वळल्या. “आणि तुम्ही. तीस दिवसांत गुरुवारच्या बाजारासाठी अर्ज करा. मी आज काय पाहिलं ते पालिकेला कळवणार आहे, लपवणार नाही.”

मावशी बाहेर येऊन पायरीवर बसल्या. डोन एलाद्योंनी मला भिंतीला टेकवले आणि तेही त्यांच्या शेजारी बसले.

सात गुरुवार बाजार भरला नाही. ते सात आठवडे यास्नाने लोकांच्या घरी कपड्यांना इस्त्री करून काढले, पण मला एकदाही बोल लावला नाही. आठव्या आठवड्यात परवानगी आली. त्या सरकारी कागदात एक ओळ माझ्यावर आहे: ‘निळी दिशादर्शक पाटी चौकाआधी एकशे ऐंशी पावलांवर, लाल लेन सुरू होण्यापूर्वी ठेवावी.’ त्या कागदावर डोन एलाद्योंचे नाव एकदा आले आहे, माझा उल्लेख दोनदा.

आता मी बाजारापासून दूर एकटी उभी असते. इथे कोथिंबिरीचा वास पोहोचत नाही, गप्पाही ऐकू येत नाहीत. माझ्यावर एक नवी ओळ आली आहे: ‘बसच्या लेनमध्ये शिरू नका’. ती डोन एलाद्योंनी स्वतः रंगवली. अक्षरे तिरकी आहेत, पण धावत्या गाडीतून वाचता येतात. नव्या जागेवरच्या पहिल्या गुरुवारी पिवळी व्हॅन माझ्यासमोर हळू झाली. मावशींनी मला पहिल्या शब्दापासून वाचून काढले. मागच्याने हॉर्न वाजवला तेव्हा त्यांनी काचेतून हात काढला. “थांबा की हो, वाचतेय!” आणि त्या डाव्या लेनने शाळेकडे गेल्या.

मित्रांनो, तुमच्या रस्त्यावरही माझी एखादी बहीण उभी असेल. तिच्यावरची धूळ पुसा, तिला पावसातून आत घ्या. पण त्याआधी ती उभी आहे ती जागा अजून बरोबर आहे ना, हे एकदा पाहा. आम्हाला पाय असतात, पण आमचे आम्हाला चालता येत नाही.