उजव्या बाजूचं बटन

माझ्या सासऱ्यांपुढे कधी दोन पर्याय ठेवू नयेत. एकच वस्तू दिली तर ते नावं ठेवून गप्प बसतात. दोन दिल्या तर दोन्हींचं पोट फाडून आत काय आहे ते बघितल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. देवाजी हे त्यांचं नाव, मी मामाजी म्हणतो. स्टील प्लांटच्या मिलमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला उभी हयात गेली आणि आता ते खुर्सीपारच्या घरी असतात. गल्लीतला एकही कूलर त्यांच्या हातून सुटलेला नाही.

या वेळचे दोन पर्याय माझ्या बायकोने, उन्नतीने आणले होते, आणि तेही तिच्या आईसाठी. मामींना दिवाळीत लकवा मारून गेला. बोलणं परतलं, चालणंही जमायला लागलं, पण उजवा हात काही ऐकेना. फिजिओथेरपीच्या हर्षा मॅडमनी बजावलं होतं की बोटं आत्ताच हलवली नाहीत तर पुढे हलणार नाहीत. त्यांनी दाबायला रबरी चेंडू दिला. मामींनी तो शेजारच्या पोराला खेळायला देऊन टाकला.

तेव्हा उन्नतीला आठवलं की आई ब्रिक गेमची पक्की खेळाडू होती. मामाजी नाइट शिफ्ट करून दिवसा झोपले की घरात ताट वाजवायचीही सोय नसे. अशा वेळी मामी भिंतीला टेकून वरून पडणारे ठोकळे रचत बसत. मामाजींनी त्या खेळण्याच्या स्पीकरची वायर केव्हाच कापून टाकली होती. तसंच काहीतरी हातात दिलं तर चेंडू न दाबणारी आई बटन नक्की दाबेल, असा उन्नतीचा हिशेब होता, आणि तो मला पटला.

तिने शोधलेले दोन्ही गेम हातात मावणारे आणि दोन्ही ओपन सोर्स होते. म्हणजे बनवणाऱ्यांनी आपली विद्या झाकून ठेवली नव्हती; ज्याला बदल करायचा त्याने खुशाल करावा. काळा गेम तयार येत होता. हलका, मऊ बटनांचा. त्याचा प्रोग्रॅम बदलता येई, अंग मात्र घट्ट बंद. पिवळा सुट्या भागांत येत होता, सोबत सर्किटचा पूर्ण नकाशा, आणि जोडायचा आपणच. उन्नती काळ्याच्या बाजूची होती. आईला जड होईल, स्क्रू टोचतील, शिवाय जोडण्यातच महिना जाईल, असं तिचं म्हणणं. मामाजी तो नकाशा बघूनच पिवळ्याचे झाले होते. बापलेकीचं असं जुंपलं की दोघंही जेवताना माझ्यामार्फत बोलू लागले.

"जवाईबुवा, तुमीच सांगा," मामाजी म्हणाले. "जे उघडता येत नाही, ते बिघडल्यावर काय त्याची पूजा करायची?"

सासुरवाडीत जावयाला मत विचारतात ते त्याने सासऱ्यांसारखं मत द्यावं म्हणून. मी पिवळा म्हणालो आणि परतीच्या वाटेवर दुर्गला आमच्या घरी पोचेपर्यंत उन्नतीची बोलणी खाल्ली. मामींना कुणी काही विचारलं नाही. त्या पलंगावर बसून आमचा तमाशा बघत होत्या.

पिवळा आला. मामाजींनी तो दोन दिवसांत जोडला, आणि इतका नेटका की उन्नतीलाही खोट काढता आली नाही. खेळात डाव्या अंगठ्याने ठोकळा सरकवायचा आणि उजव्याने फिरवायचा. मामी बसल्या, पण त्यांचा उजवा अंगठा बटनावर नुसता पडून राहिला. ठोकळे जसे पडायचे तसे पडत गेले आणि डाव आटपला. मामींनी गेम खाली ठेवला. त्यांचा चेहरा मामाजींना बघवेना.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो तर मामी सपासप ठोकळे रचत होत्या. मामाजींनी वायर ओढून फिरवायचं बटन डाव्या बाजूला आणलं होतं. हे काम प्रोग्रॅममधूनही झालं असतं, असं उन्नती म्हणाली, पण वायर दिसल्याशिवाय मामाजींना काम झाल्यासारखं वाटत नाही. त्यांनी मला अभिमानाने सांगितलं की मिलमध्ये एखादा भाग गेला तर लाइन थांबवत नसतात, त्याला बायपास देऊन माल काढत राहतात. त्या दिवशी ते इतके खुशीत होते की स्वतः जाऊन जिलेबी घेऊन आले. सगळे खुश होते, मीसुद्धा. मामींचा उजवा हात मांडीवर होता आणि आमच्यापैकी कुणाचंही तिकडे लक्ष नव्हतं.

लक्ष गेलं ते हर्षा मॅडमचं. महिनाभराने एका रविवारी आम्ही तिथे असताना त्या घरी आल्या, मामींची बोटं सरळ करू लागल्या, तर ती आधीपेक्षा जास्त आवळलेली. व्यायाम चालू आहे ना, असं त्यांनी विचारलं. मामाजींनी मोठ्या हौसेने पिवळा गेम दाखवला. मॅडमनी तो उलटसुलट पाहिला आणि एवढंच विचारलं की यात उजव्या हाताने काय करायचं असतं.

मॅडम गेल्यावर उन्नती फुटली. मी म्हणत होते काळा घ्या, तो तुम्हाला उघडता आला नसता, त्याला दोन्ही हात लागलेच असते, आता तुमच्या वायरींनी आईचा हात गेला, असं बरंच काही बोलली. रागात माणूस बोलतो तसं. मामाजी खाली मान घालून ऐकत होते, आणि त्यांची मला फार दया आली. मग मामींनी डाव्या हाताने उन्नतीला थांबवलं. त्या मामाजींकडे बघत होत्या.

"बायपास लावला, ठीक हाय. पन तुमच्या मिलमधी बायपास लावला की मोटर भंगारात टाकून देत होते काय?"

मामाजींनी मान वर केली.

"तुमी बहुत खुश झाले होते, म्हणून मी खेळत राहिली," मामी म्हणाल्या. "मले वाटलं, या हाताचं आता काही होत नाही, असं तुमीनं मनात धरून टाकलं."

"मी असं कावून धरीन?"

"मंग त्याचं काम कावून काढून घेतलं?"

मामाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोला हरताना बघवत नव्हतं म्हणून त्यांनी हे केलं होतं, आणि ती महिनाभर प्रत्येक जिंकलेल्या डावात नवऱ्याने आपल्या हातावर पाणी सोडल्याचं बघत आली होती. इतकी वर्षं एकत्र काढलेल्या दोन माणसांत एवढा गैरसमज राहू शकतो, हे बघून मला भीतीच वाटली.

उन्नतीचा राग उतरला. तिने आईजवळ बसून विचारलं, काळा मागवू का? मग पहिल्यांदाच नीट विचारलं की आई, तुला कोणता पाहिजे? मामींनी जरा विचार केला. पिवळ्यातलं बटन परत उजवीकडे नेता येतं का, आणि ठोकळे हळू पाडता येतात का, हे त्यांनी विचारलं. पहिलं मामाजींना येत होतं, दुसरं उन्नतीला. "मंग हाच राहू द्या," मामी म्हणाल्या.

मामाजी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले. बटन जागेवर गेलं. उन्नतीने प्रोग्रॅममध्ये ठोकळ्यांचा वेग इतका कमी केला की एकेक खाली येईपर्यंत माणसाने चहाचा घोट घ्यावा. मामींनी उजवा अंगठा डाव्या हाताने उचलून बटनावर ठेवला आणि डाव सुरू झाला. अंगठा हलेना. ठोकळे चढत गेले. मामाजींचं बोट दोनदा पुढे आलं, दोनदा त्यांनी ते मागे घेतलं, आणि शेवटी ते आपल्या दोन्ही हातांवर बसले. डाव संपला, दुसरा संपला. आम्ही तिघंही श्वास रोखून त्या एका अंगठ्याकडे बघत होतो.

मग एक लांबट ठोकळा अर्ध्यावर आला असताना अंगठा दबला. ठोकळा फिरला आणि आडवा, अगदी नको तिथे जाऊन बसला. वाट बंद झाली आणि मामी तोही डाव हरल्या.

मामाजी हुंदके देऊन रडायला लागले. मामींनी गेम त्यांच्यासमोर धरला.

"रडता कायले? पुन्हा चालू करून द्या."