रेफरीला नऊ

सोमवारी सकाळी शाळेच्या फाटकापर्यंत पोचायच्या आत भिंगरीला तिघांनी अडवलं आणि तिघांनीही एकच शब्द विचारला. "नऊ?"

पहिला दूधवाला, दुसऱ्या गणिताच्या बाई, आणि तिसरा माणूस तर ओळखीचाही नव्हता. त्याच्या गळ्यात निळा मफलर होता, एवढीच काय ती ओळख.

गोष्ट अशी होती. भिंगरीचा मामा एका दैनिकाचं क्रीडापान सांभाळायचा. फुटबॉलच्या अव्वल लीगचा सामना झाला की दुसऱ्या दिवशी त्या पानावर प्रत्येक खेळाडूला दहापैकी गुण छापले जायचे, आणि अगदी तळाशी, हवामानाच्या डोक्यावर, एका चौकटीत रेफरीचे. खेळाडूंचे गुण मामा डोकं खाजवून खाजवून द्यायचा. रेफरीचे मात्र ठरलेले. आपल्या शहराचे निळे जिंकले तर चार, हरले तर तीन. एकदा जेवताना भिंगरीने जुन्या अंकांचा गठ्ठाच त्याच्या ताटाशेजारी आणून टाकला. "मामा, दोन वर्षांत एकाही रेफरीला पाच नाहीत. आमच्या वर्गात असं झालं असतं ना, तर लोकांनी पेपर तपासणाऱ्यालाच बदललं असतं."

मामाने घास गिळला. "मग तूच दे."

त्याला वाटलं, पोर गप्प बसेल. पोर रविवारी वही-पेन्सिल घेऊन त्याच्या ऑफिसातल्या टीव्हीसमोर ठाण मांडून बसली. त्याला आता चार महिने झाले होते. घरात भिंगरीसारखी फिरणारी ही मुलगी वर्गात मात्र उत्तर येत असूनही हात वर करायची नाही. चौकट मिळाल्यापासून तिचा हात खाली येईना. चौकटीखाली नाव नसायचं. तरी सगळ्यांना माहीत होतं, कारण भिंगरीने प्रत्येकाला स्वतः सांगितलं होतं.

आता त्या नऊचं. दैनिकाची पहिली आवृत्ती लांबच्या गावांना जायची, तिच्या गाड्या लवकर सुटायच्या, म्हणून गुण सामना संपायच्या पंधरा मिनिटं आधीच द्यावे लागायचे. मागाहून गोल झाला तर मामा मथळा बदलायचा; गुण मात्र एकदा गेले की गेले. रविवारी निळे विरुद्ध पिवळे, शून्य-शून्य, आणि रेफरी असा की बघत राहावं. ना आरडाओरडा, ना कार्डांची उधळपट्टी. भिंगरीने नऊ दिले आणि अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला त्याच रेफरीने पिवळ्यांना पेनल्टी दिली. निळे हरले. सगळं शहर रेफरीच्या नावाने बोटं मोडत झोपलं आणि सकाळी उठून पेपर उघडला तर रेफरीला नऊ.

शाळा सुटल्यावर भिंगरी तडक आत्याच्या दुकानात गेली. आत्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान मामाच्या ऑफिसच्या बरोबर समोर होतं, आणि सोमवारची खरी सभा तिथेच भरायची. आत्या उलट्या टांगलेल्या चाकाचे स्पोक ताणत होती. बाकावर पोस्टमन काका, जन्मापासून निळे, आणि त्यांच्या शेजारी दातांचे डॉक्टर, सगळ्या रस्त्यावरचे एकमेव पिवळे.

"या, नऊवाल्या बाई," पोस्टमन काका म्हणाले. "नऊ दिलेस ते दिलेस, आमच्या नाकी आणलेस. ज्या दारात पत्र टाकायला जातो तिथे हेच. जसं काही मीच वाटत फिरतोय."

"मला तर दहाही चालले असते," डॉक्टर म्हणाले.

"तुम्हाला काल जिंकल्यापासून काहीही चालतंय," आत्या चाकातूनच बोलली. "सकाळी एका पेशंटची चांगली दाढ काढली म्हणे."

"किडलेली होती हो."

"पेनल्टी कसली? चेंडू हाताला नाही, खांद्याला लागला होता," काकांनी गाडी रुळावर आणली. "खांद्याला. टीव्हीवर अकरा वेळा दाखवलं."

"एकाच बाजूने अकरा वेळा."

"समालोचक दरोडा म्हणाला."

"समालोचक कोण, तर निळ्यांचा जुना बचावपटू. उद्या तुमच्या बायकोला तुमच्याबद्दल विचारतील आणि छापतील." डॉक्टर थांबले. "नाही, ती खरं सांगेल."

तेवढ्यात मामा रस्ता ओलांडून आला. शर्टाचा एक खांदा चुरगळलेला, म्हणजे दिवसभर फोन कानाखाली धरून बसला असणार. तो बाकाच्या कडेला टेकला. "बावन्न फोन आले. संपादकबाईंनी दोनदा आत बोलावलं." मग भिंगरीकडे न बघता म्हणाला, "उद्याच्या अंकात दोन ओळी छापू. छपाईची चूक, चाराच्या जागी नऊ पडले. नाहीतर बाई म्हणतात, चौकटच बंद. सहा वाजता पान जायचंय."

भिंगरी त्याच्याकडे वळली. "पण मी नऊच लिहिले होते."

"मला माहीत आहे. लोकांना कुठे माहीत आहे?"

"मी सगळ्यांना सांगितलंय, मामा."

मामाने डोळे मिटले. आत्या हसू लपवायला चाकामागे वाकली.

भिंगरीला रडू येईल असं वाटलं, पण रडायला वेळ नव्हता. चार वाजून गेले होते. खोटं छापलं तर चौकट राहील, पण मग तिच्यात आणि मामाच्या जुन्या तीन-चारांत फरक काय? खरं धरून बसलं तर चौकट जाईल, आणि वर केलेला हात पुन्हा खाली घ्यायचा, हे तिला नको होतं. ती उभी राहिली. "सामना तुझ्या लॅपटॉपवर आहे ना? आपण सगळा बघू. एकेक शिट्टी मोजू. बरोबर किती, चूक किती. जे निघेल ते छापू."

"नव्वद मिनिटं?"

"शिट्टी ते शिट्टी. मधलं पळवू."

आत्याने दोन रिकामे डबे आणि वॉशरची पिशवी आणून ठेवली. "हा बरोबरचा, हा चुकीचा. तुमचं चौघांचं एकमत झालं तरच वॉशर पडेल. आणि कुणी आवाज चढवला तर बाहेर उभं राहून बघायचं."

मामा लॅपटॉप घेऊन आला. सुरुवातीला काका आणि डॉक्टर प्रत्येक फाउलवर फणा काढून बसले, पण दहा मिनिटांत गंमत झाली. चित्र थांबवून नीट बघितलं की भांडायला काही उरेचना. टण. टण. टण. बरोबरच्या डब्यात चौदा वॉशर पडले, चुकीच्या डब्यात एकही नाही. भिंगरीची मान हळूहळू ताठ होत गेली. मामाही जरा मोकळा श्वास घेऊ लागला.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "मागे घ्या जरा. एकतिसावं मिनिट."

"तिथे शिट्टीच नाही," भिंगरी म्हणाली.

"तेच म्हणतोय. वाजायला हवी होती आणि वाजली नाही, ते मोजायचं की नाही?"

मामाने मागे घेतलं, थांबवलं. निळ्यांचा गोलकीपर हवेत, दोन्ही हातांत चेंडू घट्ट धरलेला. आणि बॉक्सची पांढरी रेघ त्याच्या मागे, चांगली हातभर मागे. गोलकीपरला हात लावता येतो तो फक्त बॉक्सच्या आत, आणि त्याने बाहेर येऊन हाताने चेंडू पकडला होता. फ्री किक, आणि पिवळ्यांचा पुढचा खेळाडू एकटाच समोर धावत असल्यामुळे सरळ लाल कार्ड. रेफरीसमोर नेमके दोन खेळाडू आडवे आलेले.

पोस्टमन काकांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. "सावली असेल."

"रेघेची?" आत्याने विचारलं.

भिंगरीने वही उघडली. तिला आठवत होतं ते मिनिट. ती खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत होती. वहीत तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: *३१. गोलकीपरची अफलातून झेप.* खाली दोन रेघा. तिचे कान तापले. चार महिने ती सगळ्यांना सांगत होती की मी निळी-पिवळी कुणी नाही, मी फक्त बघते. तिने वही सगळ्यांना दिसेल अशी लॅपटॉपसमोर ठेवली. बरं वाटलं नाही, पण ठेवली.

मामा छताकडे बघत होता. आत्याला ते बघणं बरोबर कळलं. तिने सकाळचा पेपर ओढला आणि मोठ्याने वाचलं, "'एकतिसाव्या मिनिटाला आपल्या गोलरक्षकाने घेतलेली झेप हा या सामन्याचा दागिना होता.' मामासाहेब, दागिना?"

"घाईत लिहावं लागतं हो, आत्याबाई."

"आणि दागिन्याला गुण किती?"

"आठ," मामा पुटपुटला.

"तेव्हा तर तो घरी आंघोळ करत असायला हवा होता," डॉक्टर म्हणाले, आणि पहिल्यांदा पोस्टमन काकाही हसले. आत्याने चुकीच्या डब्यात वॉशर टाकला नाही. मागच्या चाकाचा एक जाडजूड नट टाकला. डबा हादरला.

पुढे दोन किरकोळ चुका सापडल्या, एक कॉर्नरची, एक थ्रोची. शेवटी ती पेनल्टी. टीव्हीने अकरा वेळा दाखवलेली बाजू त्यांनी सोडून दिली आणि गोलच्या मागच्या कॅमेऱ्याने एकदाच दाखवलेली बघितली. काकांनी ती सहा वेळा मागे घ्यायला लावली. मग वॉशर त्यांनी स्वतः उचलला. "कोपर आहे. जिवावर आलंय माझ्या, पण कोपर आहे." टण.

बरोबर एकोणचाळीस. चुकीचे दोन आणि एक नट.

"मग आता किती?" मामाने घड्याळाकडे बघत विचारलं.

"पाच," डॉक्टर म्हणाले. "तासभर दहा जणांशी खेळायला मिळालं असतं आम्हाला. अन्याय आहे हा."

"मघाशी दहा चालत होते तुम्हाला," काका तावातावाने म्हणाले. "बिचारा एवढा पळतो, समोर दोन आडदांड उभे, त्याला दिसणार कसं? आठ द्या त्याला. माणूस प्रामाणिक आहे."

आत्याने हातातला पाना खाली ठेवला आणि दोघांकडे आळीपाळीने बघितलं. निळे काका आता रेफरीची बाजू घेत होते आणि पिवळे डॉक्टर त्याचे गुण कापत होते, हे दोघांच्याही एकाच वेळी लक्षात आलं.

"सात," भिंगरी म्हणाली. तिने वहीचं पान फाडलं आणि लिहायला घेतलं. दोन वेळा खोडलं, तिसऱ्यांदा मामाच्या हातात दिलं.

*रविवारच्या रेफरीला नऊ गुण मीच दिले होते, ती छपाईची चूक नव्हती. सामना संपायच्या आधी दिले, हे चुकलं. आता पूर्ण सामना पाहिला आहे. पेनल्टी बरोबर होती. मोठी चूक एकतिसाव्या मिनिटाला झाली, ती आपल्या बाजूने, आणि ती मला दिसली नाही कारण मी टाळ्या वाजवत होते. सात.*

मामाने ते उभ्या उभ्या वाचलं. मग काकांच्या खिशातलं पेन घेतलं, 'मला'च्या जागी 'आम्हाला' केलं, 'मी टाळ्या वाजवत होते'चं 'आम्ही टाळ्या वाजवत होतो' केलं, आणि कागद घेऊन रस्ता ओलांडून पळत सुटला. लॅपटॉप तिथेच राहिला.

पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. काकांनी घरी जायला म्हणून बॅग दोनदा उचलली आणि दोनदा ठेवली. डॉक्टरांचा पेशंट वाट बघत असणार, पण तेही हलेनात. भिंगरी उगीचच एक सायकलची घंटी पुसत बसली.

शेवटी समोरच्या इमारतीची खिडकी उघडली आणि मामा कमरेपर्यंत बाहेर वाकला. "चौकट ठेवली," तो ओरडला. "पण आता मंगळवारी. पूर्ण सामना बघून द्यायचे, असं बाई म्हणाल्या. आणि चार ओळी जास्त मिळतील."

"आणि गोलकीपरचे आठ?" आत्याने खालून विचारलं.

खिडकी बंद झाली.

भिंगरीने घंटी एकदा वाजवून बघितली. मग ती लॅपटॉपसमोर स्टूल ओढून बसली आणि सामना पहिल्या मिनिटापासून लावला.

"आता परत काय मोजतेस, बाई?" काका म्हणाले.

"काही नाही. निळ्यांचा तो नवा विंगर काल काय खेळला म्हणतात सगळे. मी दोन्ही वेळा रेफरीकडेच बघत होते, मला तो दिसलाच नाही."

"दिसलाच नाही?" काकांनी बॅग खाली ठेवली. "सरक जरा. अकराव्या मिनिटाला बघ आता, पिवळ्यांच्या तिघांना कसा कातरतो ते."

"दोघांना," डॉक्टर म्हणाले आणि तेही बाक पुढे ओढून बसले.