चार किलोचा धाकटा

मी गोळा बोलतोय. पोटात येतो तो नव्हे, मैदानावर फेकतात तो. वजन चार किलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या आयुष्यातली सगळी भांडणं या एका आकड्यावरून झाली आणि दर वेळी खरा मीच ठरलो.

माझा जन्म लेथवर झाला. बाहेर पितळ, आत शिसं, त्यामुळे अंगानं मी आटोपशीर. घडवणारा कारागीर मोठा तिरसट माणूस. शिसं कमी पडलं की भर, जास्त झालं की काढ, असं करत त्यानं मला इतक्या वेळा काट्यावर चढवलं की मला वाटलं, हा आता मला तिथेच सांभाळणार. शेवटी म्हणाला, "झाला. कुणी काही बोललं तर माझ्याकडे पाठवा." बोलले पुष्कळ, त्याच्याकडे कुणी गेलं नाही.

शाळेच्या क्रीडासाहित्याच्या खोलीत मी आलो, तेव्हा तिथे एक लोखंडी गोळा ठाण मांडून बसला होता. आतून पोकळ आणि माझ्यापेक्षा चांगला बोटभर रुंद. वजन त्याचंही चार किलोच. मुलींनी लगेच नातं लावून टाकलं. तो थोरला, मी धाकटा.

पहिल्याच दिवशी एका उंच मुलीनं "एवढुसा तर आहे!" म्हणत मला एका हातानं उचललं आणि तिचं मनगट खाली गेलं.

"आई गं! सर, हा केवढा जड आहे!"

मग दुसरीनं उचललं, तिसरीनं उचललं, सगळ्यांनी नाकं मुरडली. थोरल्याला उचलताना मात्र त्या आधीच दम धरून, पाय रोवून उभ्या राहायच्या. तो सहज वर यायचा. "हा बघा, हा हलका!"

आता यात माझं काय चुकलं, सांगा. लहान दिसतो म्हणून तुम्हीच हाताला बजावता, काही नाही रे, उचल असाच. मग हात फसतो. फसतो तुमचा हात आणि बदनाम होतो मी!

व्यायामाच्या सरांनीही उचलून पाहिलं. मान हलवली आणि लाल रंगानं माझ्या अंगावर ठळक लिहून टाकलं, 'जड'. मनानं चांगला माणूस, पोरींच्या मनगटाला लचक भरू नये एवढंच त्यांच्या मनात. पण कार्यालयात काटा होता, त्यावर मला एकदा ठेवावं, हे काही त्यांना सुचलं नाही.

थोरल्यासाठी रांगा लागू लागल्या. तो भाव खायचा. मला खोलीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून दाराशी ठेवलं. दार अडवायला कुठलीही वीट चालली असती. त्या दिवसांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मग आली चिमटी. गवंड्याची मुलगी, खांद्यांनी दणकट, पण हात इतके लहान की मैत्रिणींनी हे नाव ठेवलेलं. थोरला तिच्या बोटांत मावायचा नाही, फेकताना हमखास निसटायचा. एक दिवस कंटाळून तिनं मला दाराशेजारून उचललं.

"जड आहेस रे तू," ती म्हणाली.

हीसुद्धा! मी चिडलो. पण तिची बोटं माझ्याभोवती नीट बसली होती. तिनं मला हनुवटीखाली धरलं, वळली आणि फेकलं. सरांनी फीत लावली. थोरल्याच्या खुणेच्या बराच पुढे.

"वाऱ्यानं गेला असेल," सर म्हणाले.

चार किलोचा गोळा वाऱ्यानं! चिमटीनं मला पुन्हा फेकलं. मी पुन्हा तिथेच पडलो.

"सर, हा जड लागतो, पण लांब जातो."

"जड गोळा लांब कसा जाईल?"

"ते मला नाही माहीत. पण स्पर्धेला मी हाच नेणार."

त्या स्पर्धेतून जिल्ह्याचा संघ निवडणार होते आणि तिचं सगळं त्यावरच अवलंबून होतं. वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, यंदा संघात निवड झाली तर खेळ, नाहीतर गोळाफेक बंद. स्पर्धेत सकाळी सगळ्या गोळ्यांची तपासणी झाली. नियमानुसार मला कुणीही घेऊ शकत होतं, पण एकेकीनं उचललं आणि तोंड वाकडं करून ठेवून दिलं. चिमटीनं फेकलं आणि ती पहिली आली.

तेवढ्यात दुसऱ्या शाळेचे प्रशिक्षक तरातरा आले.

"पंचसाहेब, तो गोळा बघा, केवढासा आहे! हलका असणार, म्हणून तर एवढा गेला. फेक रद्द करा!"

हलका! सकाळीच तपासणी झालेली असताना, अंगावर लाल रंगात 'जड' लिहिलेलं असताना! चिमटीच्या पोटात माझा तो दुसरा जातभाई आला. ती बोटं चोळत उभी राहिली. पहिल्यांदाच मला माझ्यापेक्षा दुसऱ्या कुणाची जास्त काळजी वाटली.

प्रशिक्षकांनी मला एका हातानं उचललं. मनगट खाली.

"अरेच्चा, हा तर जड आहे!"

"आत्ता हलका म्हणत होतात," पंच म्हणाले.

"नाही, म्हणजे... जास्त भरलाय. नियमाबाहेरचा आहे."

"जास्त भरला असेल तर मुलीची पाठच थोपटायला हवी, नाही का?"

सगळे हसले. मला काट्यावर ठेवलं. चार किलो. प्रशिक्षक म्हणाले, काटाच बिघडलाय. पंचांनी त्यांच्याच शाळेचा मोठा गोळा ठेवला. चार किलो. तरी गृहस्थांनी आम्हा दोघांना पुन्हा उचलून पाहिलं, मग पंचांनी पाहिलं, मग आमच्या सरांनी. आकडा डोळ्यांसमोर असूनही तिघांना जड मीच लागत होतो. पण फेक कायम राहिली, चिमटीची निवड झाली आणि माझा जीव भांड्यात पडला.

परत आल्यावर सर ओशाळून टर्पेंटाइनचा बोळा घेऊन आले. "पुसून टाकतो हे. माझीच चूक."

"पुसून काय होणार, सर?" चिमटी म्हणाली. "उचलल्यावर हाताला तसंच वाटणार. तुमचा तो लाल रंगाचा ब्रश द्या इकडे."

आणि 'जड'च्या पुढे तिनं तिच्या वाकड्यातिकड्या अक्षरात एकच शब्द लिहिला. 'लागतो.'

चिमटी आता संघात खेळते. मी खोलीतल्या फळीवर, थोरल्याच्या शेजारी. दाराशी वीट आहे. नव्या मुली येतात, माझ्या अंगावरचं वाचतात, हसतात, तरी एका हातानंच उचलतात आणि "आई गं!" म्हणतात. म्हणा, खुशाल म्हणा. चारचे सव्वाचार मी तुमच्या ओरडण्यानं होणार नाही. फक्त ओरडून झालं की मला लगेच फळीवर ठेवू नका. आधी एकदा फेका, आणि मग फीत लावा.