काचीगुड्याच्या गच्चीवरचा रेडिओ

मित्रांनो, मी हातात मावेल एवढा एक जुना रेडिओ. माझ्या पोटात तांब्याची तार गुंडाळलेली काळी कांडी आहे. तिची दिशा बरोबर जुळली की दूरदूरची केंद्रे मला सापडतात. त्यामुळे एका जागी स्वस्थ बसणे माझ्या नशिबी नाही.

काचीगुड्याच्या एकनाथरावांनी मला आबिड्सच्या बाजारातल्या दुकानातून आणले. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेले हे गृहस्थ. ऊन कलले की मला गच्चीवर नेत, कारण दिवस मावळताना मीडियम वेव्हवर लांबची केंद्रे येऊ लागतात. एखादे नवे केंद्र लागले की मला थोपटून म्हणत, "शाबास रे पठ्ठ्या!"

पण हल्ली काहीतरी बिनसले. "नुसता गुणगुणतोय, शब्दच कळंनात," म्हणत ते मला गरागरा फिरवू लागले. सेल बदलले, माझी पाठ उघडली, धूळ फुंकली. गच्चीचा एक कोपरा सोडला नाही. मी जीव तोडून बोलत होतो, पण माझे काही चुकत नाही हे सांगणार कसे?

मग त्यांचा राग घरातल्या दिव्यांवर आणि चार्जरांवर निघाला. त्यांच्यामुळे मी खरखरतो, हे खरे. पण एका संध्याकाळी त्यांनी सरळ मेन स्विचच बंद केला आणि मला घेऊन वर आले. खाली त्यांची सून शर्वरी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती. ती तरातरा गच्चीवर आली.

"बाबा, मीटिंग तुटली माझी! या रेडिओसाठी?"

"परेशान करून सोडलंय गं यानं. उद्या टाकूनच देतो."

तरी कोकणातल्या बातम्या मी सांगतच राहिलो.

शर्वरी थबकली. "अहो, किती स्वच्छ येतंय! वादळ आहे, बोटी समुद्रात नेऊ नका म्हणतायत."

"कोण म्हणतंय?"

तिने त्यांच्याकडे पाहिले. मग मला उचलून त्यांच्या कानाशी धरले. त्यांनी डोळे मिटले, पुष्कळ वेळ ऐकले आणि नकारार्थी मान हलवली.

"म्हणजे हा चांगलाय," ते हळूच म्हणाले.

"कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ या, बाबा."

"नक्को! माझ्या कानाला काय धाड भरलीय?"

ती वाद घालत बसली नाही. कठड्याला टेकून एकेक बातमी मोठ्याने सांगू लागली. थोड्या वेळाने ते पुटपुटले, "कोणतं बंदर म्हणालीस? परत सांग."

त्यानंतर डॉक्टरांकडे जायचा दिवस त्यांनी दोनदा टाळला. आजही चपला घालतात, काढतात, पुन्हा घालतात. शर्वरी दारात ऑटो थांबवून उभी आहे.

मित्रांनो, आमची धूळ पुसा, संपलेले सेल वेळीच काढा. पण आवाज पोचेनासा झाला तर लगेच कुणाला टाकून देऊ नका, यंत्राला नाही आणि माणसालाही नाही. आधी जरा जवळ बसा.

"यालाही घेतो," एकनाथराव म्हणाले आणि त्यांनी मला पिशवीत टाकले. "डॉक्टर कानात जे यंत्र घालतील ते याच्यावरच तपासू."

आता आम्ही जिना उतरतो आहोत. पिशवीत हात घालून त्यांनी मला घट्ट धरले आहे.